घासलेला पैसा कसा वाचावा



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, राज्यकारभार, शेती, साहित्य अशा भारदस्त विषयांची पंगत बसते. त्या पंगतीत आज आम्ही घासलेल्या पैशाचे पान मांडीत आहोत. विषय लहान आहे खरा, पण तो आपणां प्रत्येकाच्या घरात आहे. देव्हाऱ्यातील तबकात, लक्ष्मीपूजनाच्या पुरचुंडीत, आजीच्या बटव्यात, जुन्या कणगीच्या तळाशी एखादे तरी असे नाणे निघतेच की ज्यावरचे अक्षर लागत नाही. ते हातात घेऊन विचारावे तर घरातील वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : "त्याले काय पाहता भाऊ, घासून गेला तो !"

घासून गेला म्हणजे त्यावरचे काय गेले आणि काय राहिले, एवढाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

नाणेसंग्रह म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे सोन्याच्या मोहरा येतात. पण मोहर कोरी राहिली ती तिजोरीत पडून राहिली म्हणून. तिने बाजार पाहिला नाही. हा पैसा मात्र आठवडी बाजारात मिठामिरचीसाठी, जिनिंगच्या मजुरीसाठी, देवाच्या आरतीत, नदीच्या उतारावर हजारो हातांतून गेला. तो किती फिरला याची नोंद त्याच्या झिजण्यातच आहे. एखाद्या गावच्या पांढरीवर एका राजाची नाणी कोरी आणि दुसऱ्याची गुळगुळीत सापडली, तर कोणाचे चलन तेथे दीर्घकाळ चालले हे समजण्याचा तो एक चांगला पुरावा होतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर या पुराव्याची विशेष गरज आहे. हा मुलूख नेहमीच कोणाच्या ना कोणाच्या सरहद्दीवर राहिला. एलिचपूरची इमादशाही १५७४ साली बुडाली आणि वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेले. १५९६ साली ते मोगलांकडे आले. १७२४ साली आपल्याच साखरखेर्ड्याच्या मैदानावर निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पाडाव केला आणि आसफजाही राज्याचा पाया घातला. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल, १८५३ पासून इंग्रजांचा कारभार. राज्ये अशी बदलत होती, पण शेतकऱ्याच्या कनवटीचा पैसा काही एका रात्रीत बदलत नव्हता. कालच्या राजाचा पैसा आजच्या राजाच्या बाजारात खपत होता. म्हणून आपल्याकडील एका जुन्या डब्यात मोगली फलूस, शिवराई, निजामाचा हाली पैसा आणि राणीछाप असे चौघे गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात.

आता ओळखण्याकडे वळू. नाणे पुसट दिसले म्हणजे ते झिजलेच असे समजू नये. गधैया नावाची लहान, जाड नाणी गुजरात, माळवा, महाराष्ट्र या भागांत सापडतात. पाहणाऱ्याला वाटते की यावरचे चित्र पार पुसून गेले, काही ठिपके आणि रेघा तेवढ्या उरल्या. वस्तुतः ते टांकसाळीतून निघाले तेव्हाही जवळजवळ तसेच होते. मूळ नमुना इराणच्या सासानी राजांच्या रुपयाचा : एका बाजूस राजाचे मुख, दुसरीस अग्निकुंड. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल असे शतकानुशतके चालले, आणि शेवटी मुखाचे राहिले एक नाक व चार ठिपके, तर अग्निकुंडाची झाली उभ्याआडव्या रेघांची चवड. अशा नाण्यावर भिंग घेऊन राजाचे नाव शोधणे म्हणजे रांगोळीत पत्ता शोधण्यासारखे आहे.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, हे नाणे झिजले आहे, गंजले आहे, की मुळातच अर्धवट उमटले आहे ? झिजलेल्या नाण्याचे उंचवटे आधी जातात. राणीचा गाल, कान, मुकुटाची टोके ही प्रथम सपाट होतात आणि खोलगट भागातली अक्षरे टिकून राहतात. गंजलेल्याचे उलट असते, तेथे खोलगट भागातच खड्डे पडतात. आणि अर्धवट उमटलेल्या नाण्याचा एक भाग अगदी ठसठशीत असतो, मात्र दुसरा भाग नाण्यावर आलेलाच नसतो. हे तिन्ही रोग निराळे आहेत आणि त्यांची चिकित्साही निराळी आहे.

या छंदाला उपकरणे फार लागत नाहीत. एक दहापट भिंग, ग्रॅमचा शतांश दाखविणारा लहान काटा, मोजपट्टी आणि एक दिवा. दिवा वरून धरू नये. खोलीत अंधार करून नाण्याच्या कडेशी, जवळजवळ टेबलाला टेकवून, तिरपा उजेड पाडावा आणि नाणे हळूहळू फिरवावे. उन्हे कलली की नांगरटीतली ढेकळे कशी एकेक दिसू लागतात, तसा हा प्रकार आहे. भर दुपारी जे रान सपाट वाटते, तेच संध्याकाळी उंचसखल दिसते. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईलचा दिवा आहे, तेव्हा तेवढीही सबब उरली नाही. दुसरा उपाय शाळकरी मुलांना ठाऊक आहे : नाण्यावर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल आडवी घासावी. डोळ्यांना न दिसणारे अक्षर पुष्कळदा कागदावर उमटते.

मग वजन. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा ठरला आणि तोच आपला तोळा झाला. सराफाच्या तागडीत रुपयाच वजन म्हणून पडू लागला. अर्थात असा रुपया घासला की तोळाही घासला ! १९०६ च्या कायद्याने तर शेकडा दोनहून अधिक घट आलेला रुपया देण्याघेण्यास कायदेशीर मानला नव्हता. हे गणित आपल्या कामाचे आहे. गुळगुळीत झालेला रुपयादेखील साडेअकरा ग्रॅमच्या खाली फारसा जात नाही. म्हणून नाव दिसत नसले तरी वजनावरून घराणे कळते. तांब्याचा जुना पैसा, म्हणजे पाव आणा, साडेसहा ग्रॅमांना थोडा कमी भरतो. १९०६ नंतरचा काशाचा पैसा पाच ग्रॅमांच्याही आत येतो. तेरा ग्रॅमांच्या आसपास भरला तर तो ढब्बू, म्हणजे अर्धा आणा. आणि १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा तर दोन ग्रॅमांचाच. त्याला ओळखायला कोणाचीही साक्ष नको, भोकच पुरेसे आहे.

राजमुख असलेल्या नाण्यांत आणखी एक सोपी खूण आहे. चेहरा पुसला तरी त्याची बाह्यरेषा राहते. ती कोणत्या बाजूस पाहते ते बघावे. व्हिक्टोरिया राणी डावीकडे पाहते, पाचवा आणि सहावा जॉर्ज हेही डावीकडे. उजवीकडे पाहणारे दोघेच : १८३५ चा चौथा विल्यम आणि १९०३ ते १९१० मधला सातवा एडवर्ड. रुपयावर दोघेही बोडके, डोक्यावर मुकुट नाही. म्हणजे सपाट झालेल्या रुपयावर उजवीकडे वळलेल्या नाकाची नुसती रेघ दिसली तरी दोनच नावांचा विचार करावा लागतो, आणि मागील बाजूची नक्षी त्यांतला एक निवडून देते. राणीच्या नाण्यावर चेहऱ्याच्या उजव्या अंगास 'क्वीन' आहे की 'एम्प्रेस' एवढे पाहावे. अक्षरे वाचता आली नाहीत तरी हरकत नाही, ती जागा किती व्यापतात तेवढे मोजावे. लांब शब्द असेल तर नाणे १८७७ किंवा त्यानंतरचे. एक मौज सांगून ठेवतो. १८६२ साल घातलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडले जात होते. सालाचा आकडा तोच ठेवून टांकसाळीने बारीक ठिपक्यांनी फरक दाखविला. तेव्हा १८६२ चा रुपया मिळाला म्हणून तो १८६२ सालीच पाडला असे म्हणता येत नाही.

देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर या बाजूच्या मंडळींकडे निजामाची नाणी हटकून निघतात. जालना-औरंगाबादचा बाजार त्यांना जवळचा आणि तिकडे हाली सिक्का चाले. शंभर कलदारांना सुमारे एकशे सोळा हाली मोजावे लागत. चारमिनार छापाच्या रुपयाचे अक्षर फारसी, सन हिजरी. आपल्यापैकी बहुतेकांना दोन्ही अपरिचित, म्हणून लोक ते बाजूला टाकतात. पण तेथेही एक सोय आहे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. 'मीम' असेल तर मीर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खान. मीम म्हणजे लहानशा गाठीला खाली शेपूट, ऐन म्हणजे आपल्या उलट्या तीनाच्या आकड्यासारखे वळण. कमान खोलगट भागात असल्यामुळे हे अक्षर सगळ्यांत शेवटी पुसते. फारसी न येणाऱ्याला एवढ्यावर नबाब ओळखता येतो.

जुन्या मोगली नाण्यांवर इतकी सोय नाही. तरी 'जर्ब' आणि 'जुलूस' हे दोन शब्द नजरेत बसवून घ्यावेत. जर्बच्या लगत टांकसाळीचे नाव असते, जुलूसच्या आसपास राज्यारोहणाचे वर्ष. आपल्या भागाला बऱ्हाणपूर आणि एलिचपूर या जवळच्या टांकसाळी. फारसी आकड्यांत सात व आठ हे एकमेकांचे उलटे आहेत, म्हणून नाणे उलटे धरले की सातव्या वर्षाचे आठवे होते. आधी नाण्याची वरची बाजू निश्चित करावी, मग आकडा वाचावा. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सन येतो. हिजरी ११०० म्हणजे १६८९ च्या सुमाराचे, औरंगजेबाच्या दक्षिणेतील मुक्कामाचे दिवस.

शिवराईबद्दल मात्र थोडे सावकाश बोलले पाहिजे. ज्या जिल्ह्यात सिंदखेड आहे, जेथे जिजाऊसाहेबांचा जन्म झाला, तेथे शिवराईविषयी जिव्हाळा असणे साहजिक आहे. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसरीस 'छत्र पति'. पण हातात आलेल्या शिवराईवर हे सगळे क्वचितच दिसते. कोठे नुसते 'राजा', कोठे 'त्र' चा खालचा भाग, कोठे 'पति' मधला 'ति'. याचे कारण नेहमी झीज नसते. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, शिवाय हातोड्याचा घाव बसेल तसा. ठशातील जेवढा भाग चकतीवर आला तेवढाच उमटला. अक्षरवळणही एक नाही. कोणी 'शिव' कोरतो, कोणी 'सिव', कोणी 'सीव', कोठे 'पति' तर कोठे 'पती'. आणि मधोमध दोन समांतर रेघा दिसल्या तर ती दुदांडी शिवराई, म्हणजे पुढच्या काळातली. नाव महाराजांचे राहिले, पण ती पेशवाईत आणि नंतरही पाडली गेली. ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. घरातली शिवराई महाराजांच्या हयातीतलीच असावी असे प्रत्येकाला वाटते. आम्हांला मात्र यात उतरण्यासारखे काही दिसत नाही. राजा गेल्यावर शंभर-दीडशे वर्षे लोकांनी त्याच्याच नावाचा पैसा मागावा आणि पुढच्या राज्यकर्त्यांनी तो पाडावा, ही गोष्ट थोडी आहे काय ?

अर्धवट अक्षरांतून पूर्ण नाव कसे उभे राहते याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. मंगरूळपीर तालुक्यात, आजच्या वाशीम जिल्ह्यात, तऱ्हाळा नावाचे गाव आहे. तेथे १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. दीड हजारांहून अधिक नाणी, सारी पोटीनची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रणाची. एका बाजूस सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूस अधिकाच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळे असे उज्जयिनी चिन्ह. हत्तीच्या वर ब्राह्मी अक्षरांची ओळ, पण ती एका नाण्यावर सबंध अशी फारशी नाहीच. एकावर सुरुवातीची दोन अक्षरे, दुसऱ्यावर मधली तीन, तिसऱ्यावर शेवट. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा साठा अभ्यासला. अशा ठिकाणी एकेका नाण्यापुढे बसून अंदाज करून भागत नाही, एकाच्या शेवटाशी दुसऱ्याची सुरुवात जुळवीत जावे लागते. त्या जुळणीतून ओळखीचे सातवाहन राजे तर निघालेच, पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या वंशावळीत न आढळणारी नावेही पुढे आली. पुराणकारांना जे ठाऊक नव्हते किंवा सांगावेसे वाटले नव्हते, ते या अर्ध्यामुर्ध्या पैशांनी सांगितले.

समजा, तऱ्हाळ्याचा तो साठा गावातल्या गावात मूठमूठ वाटला गेला असता. शंभर घरांत दहा-पंधरा नाणी, प्रत्येकावर दोन-तीन अक्षरे. एकाही घरी राजाचे नाव लागले नसते. नाणी तीच, झीजही तीच, पण एकत्र होती म्हणून बोलली.

नाण्याला झालेली इजाही कधी कधी अशीच बोलते. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. खाली नहपानाचे नाक, वर सातवाहनांचा तीन कमानींचा पर्वत. चित्राच्या दृष्टीने ही नाणी विद्रूपच म्हणावीत. पण नाशिकच्या लेण्यांत बलश्रीच्या लेखाने क्षहरात वंश नाहीसा केल्याचे जे सांगितले, त्याला याहून रोखठोक दाखला कोणता ?

आपल्या घरच्या रुपयांवरील इजा इतक्या ऐतिहासिक नसतात, पण त्याही वाचाव्यात. रुपयाच्या कडेशी बारीक टोचा दिसल्या तर त्या सराफाच्या परीक्षेच्या. आत तांबे आहे की काय हे पाहण्यासाठी तो टोची मारी. वरच्या बाजूस डाग दिला असेल, म्हणजे झाळलेल्या कडीची खूण असेल, तर तो रुपया कोणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होता. एकच बाजू गुळगुळीत आणि दुसरी ठसठशीत असेल, तर गुळगुळीत बाजू अंगाला लागत असली पाहिजे. हळदीकुंकवाचा थर हे देव्हाऱ्याचे लक्षण.

आता एक कळकळीची सूचना. नाणे घासू नका. चिंच, लिंबू, राख, दात घासण्याची पूड आणि अलीकडचे निरनिराळे तेजाब यांनी जेवढी नाणी मारली तेवढी तीनशे वर्षांच्या बाजाराने मारली नसतील. तांब्यावरचा गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हे त्याचे कवच आहे, अक्षराची कड पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असते. माती असेल तर स्वच्छ पाण्यात भिजवावे, मऊ कुंचल्याने सोडवावी, पुरते कोरडे करावे. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र तो खाऱ्या मातीचा रोग आहे. ते नाणे इतरांपासून वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे आणि जाणत्याला दाखवावे.

चांदीबद्दल शंका असेल तर टोची मारण्याचीही गरज नाही. नाणे दोऱ्याने पाण्यात टांगून वजन करावे. जुना रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने हलका होतो. १९४० नंतरचा निम्म्या चांदीचा रुपया सव्वा ग्रॅमच्या जवळपास हलका होतो, शिवाय त्याच्या कडेच्या दात्यांत मधोमध खोबणीची नक्षी असते. बनावट असेल तर आकडा याहूनही पुढे जातो.

बनावटीचा विषय निघालाच आहे तर जत्रेतल्या मालाविषयीही बोलू. एका बाजूस मारुती, लक्ष्मी किंवा रामपंचायतन, दुसरीस ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ साल आणि 'यूकेएल' अशी अक्षरे असलेले तांब्याचे जाड नाणे पुष्कळांच्या देव्हाऱ्यात आहे. ते तांदूळ ओढते, बरकत आणते, अशा कथाही त्यामागे आहेत. कंपनीने असे नाणे कधी पाडले नाही. ते मुद्दाम घासून, आम्लात बुचकळून जुने केलेले असते. ओळखण्याची रीत तीच, जी आपण आतापर्यंत पाहिली : खऱ्या झिजेत उंचवटे जातात, खोट्या झिजेत सगळेच सारखे मळकट होते. पूजेत असेल तर खुशाल असू द्यावे. श्रद्धेला टांकसाळीचा दाखला लागत नाही. पण त्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर हात जोडून वाट धरावी.

आपल्या जिल्ह्यात खामगाव हे चांदीचे नामांकित गाव आहे आणि तेथील चांदीच्या कसाला लोक नावाजतात. पण मुशीपुढे सगळी चांदी सारखीच. मोडीत आलेला घासका रुपया मुशीत जातो, आणि त्याबरोबर तो कोणाचा, कोठल्या टांकसाळीचा हेही जाते. कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. विकणाऱ्यानेच 'घासलेला आहे' म्हणून दिला, त्याने वजन करून घेतला. ओळखायची वेळ आहे ती घरातून नाणे बाहेर पडण्यापूर्वी. आणि घरातले नाणे वेगळे, जमिनीत सापडलेला ठेवा वेगळा. नांगराला हंडा लागला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. लोक या कायद्याला भितात आणि रातोरात ठेवा वाटून टाकतात. तऱ्हाळ्याच्या बाबतीत तसे झाले असते तर काय झाले असते हे आताच पाहिले. सुटे एखादे नाणे सापडले तरी गाव, शिवार, नदी की पांढरी, किती खोल, एवढे चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवावे. चिठ्ठीवर दिसते तेवढेच लिहावे. 'राजा' दिसले तर 'राजा' लिहावे, 'श्री राजा शिव' लिहू नये. उरलेले शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी नाण्यावर असतील.

हे सर्व आजच सांगण्याचे एक कारण आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे, विटांच्या स्तूपाचे आणि मातीच्या कड्या रचून बांधलेल्या विहिरींचे अवशेष मिळाले. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडिताच्या छायेत आहे, आणि पूर्णाकाठच्या आणखीही गावांच्या वाट्याला उठणे आले आहे. गाव उठते तेव्हा जुनी घरे उतरविली जातात, देव्हारे हलतात, उतरंडी आणि कणग्या मोकळ्या होतात आणि त्यांच्या तळचे पैसे भंगाराच्या पोत्यात पडतात. आपल्यापैकी ज्यांचे सोयरेधायरे त्या गावांत असतील त्यांनी या सुट्टीत तिकडे गेल्यावर एवढेच करावे : असे डबे, बटवे, तबके भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत, प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचा पेन्सिलीने कागदावर ठसा घ्यावा आणि त्या कागदावर गावाचे नाव घालावे. नाणी मालकाकडेच राहू देत. कागद आमच्याकडे आणून दिले तरी पुरे, आम्ही एकत्र जुळवून पाहू.